रिकामी बाटली मागणारे भाई

रिकामी बाटली हातात आल्याशिवाय भाई भरलेली देत नसत. जानेफळला त्यांचे औषधांचे दुकान होते. आठवड्यातून एकदा ते मोटारसायकलवरून आसपासच्या खेड्यांत घरपोच औषधे आणत. आमच्या गावात त्यांचे नाव क्वचितच कोणी घेई. बाटलीवाले भाई म्हटले की पुरे. घेतलेली बाटली ते दारातच चाकूने चिरत आणि तुकडे पिशवीत टाकून नेत.

"भाई, भंगाराचा धंदा जोरात चालून राह्यला!" पारावरून कोणी ओरडे.

"हाव बे. तूच तेवढा भरायचा राह्यला."

या हट्टाला कारण होते. बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी कमी होईल, असे सांगितले गेले होते. काही वर्षे ती झालीही. मग बोंडात अळी पुन्हा दिसू लागली आणि पाठीवरचे पंप पुन्हा बाहेर निघाले. कीटकनाशक कमी पडले की शेजाऱ्याकडून थोडे मागून आणायचे, ही गावाची रीत. त्यासाठी खोकल्याच्या किंवा कुठल्याही पातळ औषधाची बाटली सोयीची पडे. झाकण घट्ट बसे आणि झाकणानेच मोजताही येई. उरलेले त्याच बाटलीत घरी येई. कीटकनाशकाला भाई औषध म्हणू देत नसत. "जहर म्हणा. तोंडाले सवय लावा," असे ते प्रत्येक घरात सांगत.

माझ्या आईचे इन्सुलिन ते बर्फाच्या थर्मासमधून आणत. एकदा त्यांनी झाकण उघडले आणि लगेच लावले. बर्फाचे पाणी झाले होते.

"आज नाही, काकू. गरम झालं. उद्या नवं आणतो."

"मंग मी उद्यापर्यंत मरू काय?"

"मरत नाही तुम्ही. मागचं उरेल हाये तुमच्याजवळ, मले माहीत हाये."

आई दिवसभर बडबडत राहिली. दुसऱ्या दिवशी ते भर उन्हात आले.

शोभाचे घर आमच्या मागच्या गल्लीत होते. तिचा चार वर्षांचा गणू झटक्यांच्या औषधावर होता. ऐन फवारणीच्या दिवसांत भाई तिच्या दारात आले, तेव्हा रिकामी बाटली सापडेना. शोभाने चुलीमागे पाहिले, न्हाणीत पाहिले.

"वावरात गेली असन, भाई. यायनं नेली असन." नवऱ्याचे नाव ती घेत नसे.

"मंग आणून ठेव. मी संध्याकाळी परत येतो."

"सकाळीच झटका आला त्याले. घरात थेंब नाही. पाया पडते तुमच्या." ती रडू लागली.

गणू आजोबांच्या मांडीवर पडून होता. भाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि नवी बाटली दिली.

जुनी बाटली खरेच वावरात होती. शोभाच्या नवऱ्याने तिच्यात शेजाऱ्याचे कीटकनाशक आणले होते. उरलेले त्याने घरी आणले आणि पोराचा हात पोचू नये म्हणून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. नवी बाटलीही त्याच कारणासाठी त्याच फळीवर होती. दुसऱ्या दिवशी शोभा वावरात निंदायला गेली. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नातवाचे दुपारचे औषध त्यांनी चुकवले नाही.

गणूला खामगावला नेले. बाटलीत नेमके काय होते, असे डॉक्टरांनी विचारले. सोबत नेलेल्या बाटलीवर झटक्यांच्या औषधाचे नाव होते आणि आतल्या जहराचे नाव शोभाच्या नवऱ्याला माहीत नव्हते. निरोप मिळताच भाई दुकान टाकून आले आणि थेट शेजाऱ्याच्या घरी गेले. शेजारी दारात बसून होता.

"मी काही देलं नाही."

"भाऊ, डबा दाखव फक्त."

"माह्यावर केस होईन, भाई."

"पोरगं जाऊन राह्यलं!" भाई त्याच्या पायांशी बसले. त्यांना तसे बसलेले गावाने कधी पाहिले नव्हते. शेवटी शेजाऱ्याची बायको आत गेली आणि डबा घेऊन आली. भाईंनी तो गाडीला बांधला आणि खामगाव गाठले. डॉक्टरांना नाव कळले, उपचार बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी गणू गेला.

दिवस झाल्यावर भाई शोभाकडे आले. तिने त्यांना बसा म्हटले नाही. ते अंगणात उभे राहिले.

"साऱ्या गावाले तुम्ही परत पाठवलं, भाई. माह्यंच काऊन आयकलं?"

"सकाळी झटका आला होता ना, बेटा."

"हाव."

"मंग कसं परत नेऊ?"

शोभा म्हणाली, "उद्या अजून कोणी अशीच रडली तं?"



"देईन," ते म्हणाले. "मले माहीत हाये, मी देईन."

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. दुकान त्यांनी चालू ठेवले, खेड्यांत येणे बंद केले.