साहेबांच्या नावाचा गहू

गव्हाच्या संशोधन केंद्रात सगळे तिला लोंबीताई म्हणत, कारण बोलताना तिच्या हातात एखादी लोंबी असायचीच. उमेदीची सगळी वर्षं तिनं एकाच वाणावर घातली. दाणा टपोरा, पीक ताठ. पण शेवटच्या चाचणीत तिला एक खोट सापडली.

गव्हाच्या दाण्यात स्टार्च तोडून साखर करणारं एक एन्झाइम तयार होतं, अमायलेज. ते बनवणारं जनुक दाणा रुजेपर्यंत गप्प राहायला हवं. या वाणात मात्र दाणा भरत असताना एकाएकी गारठा पडला, की ते अवेळी जागं व्हायचं. दाणा वरून ठणठणीत, पण त्याच्या पिठाचा पाव आतून चिकट लगदा.

हेच सांगायला ती केंद्राच्या प्रमुखांच्या, साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी मानही वर केली नाही.

“वाण माझ्या नावानं जाहीर होतोय. तुम्ही आता बियाण्यांचं गोदाम सांभाळा.”

“आणि माझं नाव?”

“हाताखालच्या माणसांची नावं कोण छापतं?”

गारठ्याबद्दल ओठांवर आलेलं तिनं गिळलं. “बरं,” म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

साहेबांचे सत्कार झाले. शिवारंच्या शिवारं त्या वाणानं भरली. गोदामात पोत्यांना लेबलं लावत ती गारठ्याची वाट बघत राहिली. दुसऱ्या हंगामात तो आला, ऐन दाणे भरताना. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

बेकऱ्यांत पाव आतून चिकट निघू लागले, तसा पिठाच्या गिरण्यांनी उरलेला माल परत पाठवला. साहेब घामाघूम होऊन गोदामात आले.

“ताई, दाणा तर चांगला दिसतोय! मग बिघडलं काय?”

“वाण तुमचा, साहेब. मला काय विचारता?”

चौकशीच्या बैठकीत मात्र तिनं सगळं सांगितलं, सावकाश, साहेबांच्या डोळ्यांत बघत. साहेबांची खुर्ची गेली.

तिचा धाकटा भाऊ बेकरी चालवायचा. त्याच पिठापायी त्याची गिऱ्हाइकं तुटली होती. तो घरी आला.

“ताई, तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला तरी सांगायचंस!”

“तुला सांगितलं असतं तर त्यांच्या कानावर गेलं असतं.”

तो उठून गेला. पुढे ती दुकानात गेली, की परक्या गिऱ्हाइकासारखा तो पाव कागदात गुंडाळून पुढे सरकवायचा. ते तिला लागायचं. पण बैठकीतला साहेबांचा उतरलेला चेहरा आठवला, की अजूनही बरं वाटायचं.