सुई आणि पाला

"पैसं ठेव आत. पैसं घेतलं का गुन जातो," असं म्हणून ती समोरच्याची नोट धरलेली मूठ आपल्या हाताने मिटवायची. मोठमोठ्या गाड्यांतून आलेली माणसं वरमून जायची. तुमच्याही भागात असेल अशी एखादी. कावीळ झाली की डॉक्टरच्या आधी जिचं नाव निघतं, ती.

ओवे गावातलं तिचं घर खारघरच्या टॉवरांना जवळजवळ टेकलेलं, आणि माझं औषधाचं दुकान त्याच टॉवरांच्या खाली. रविवारी सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं तिच्या ओट्यावर बसलेली असायची. ती कुठूनतरी पाला आणायची, पाट्यावर वाटायची आणि ताकातून द्यायची. कसला पाला, ते विचारायचं नाही. आता, कावीळ बहुतेक वेळा आपली आपणच उतरते. पण हे मी बोलून दाखवलं की लोक असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या आईला नावं ठेवली.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही म्हातारी आवडायची. पावसाळ्यात भाजीसाठी रानातली शेवळं घेऊन दुकानात यायची, सोबत काकडाची आंबट फळं. "ही घाल त्यात, नायतर घसा खाजवत बसशील," एवढं बजावायची आणि काउंटरला टेकून गावातल्या सगळ्या सुनांची उणीदुणी काढायची. दुकानात गर्दी असली तरी मी तिला थांबवलं नाही.

आमच्या इमारतीतली सई तेव्हा तिसरीत होती. पोर सुकत चालली, सारखं पाणी मागायला लागली, रात्री गादी ओली करायला लागली. पनवेलला हॉस्पिटलात नेली तर डायबेटिस निघाला. म्हातारपणी होतो तो नव्हे. शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणं मोडीत काढतं, तो. जन्मभर सुया. तिची आई मेघना बँकेत नोकरीला, हिशोबी बाई, पण इन्सुलिन न्यायला आली की पैसे न मोजताच पुढे करायची. सई मात्र चौकस. एकदा दुकानात एक आजोबा इन्सुलिन घ्यायला आले होते. ते गेल्यावर तिने मला विचारलं, "म्हणजे सुया घेऊन पण एवढं म्हातारं होता येतं?" मी म्हटलं, येतं की. त्यावर ती समाधानाने घरी गेली.

मग कुणीतरी मेघनाला ओव्याच्या आजींचं सांगितलं. सांगणारे काय, पैशाला पासरी. मेघना माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, पाला देऊन बघायला काय हरकत आहे? मी तिला स्पष्ट सांगितलं, द्यायचा तर डॉक्टरांना विचारून दे, पण सुई एक दिवसही बंद करायची नाही. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं की सुरुवातीला काही दिवस इन्सुलिन कमी लागेल, त्याला भुलू नका, आजार गेलेला नसतो. तेही मी पुन्हा सांगितलं.

पुढच्याच रविवारी ती सईला घेऊन त्या ओट्यावर बसली. म्हातारीने पोरीचे दंड बघितले, टोचल्याचे डाग बघितले आणि डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "सुई आनि पाला एका अंगात नांदत नाय. एक कायतरी धर."

हे कळल्यावर मी तणतणत ओव्याला गेले. तिने मला बसवलं, चहा दिला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा आजार वेगळा आहे, आजी, या पोरीच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही, मी जीव तोडून सांगत होते. तिचं एकच. मला पन शुगर हाय, आनि मी किती वरसं पाल्यावरच हाय. ती लबाडी करत नव्हती, खरंच तशी होती. तिची साखर म्हातारपणाची. त्यात भात सोडलेला आणि दिवसभर शेतावर चालणं. ते सगळं श्रेय तिने पाल्याला देऊन टाकलं होतं.

"पोर सुई बगून कशी रडते ती बगितलीस तू?" तिने विचारलं.

"रडते, पण जगते, आजी."

"मी काय मारायला बसलेय तिला?"

चहा तसाच टाकून मी उठले.

मेघनाने आधी सुईसोबतच पाला सुरू केला, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. साखर उतरायला लागली, इन्सुलिन कमी लागायला लागलं आणि वाहवा पाल्याची झाली. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. सुई बंद झाल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. सईचे बाबा दारातच म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुमचं दुकान आहे. तुम्ही असंच म्हणणार. त्या आजी एक रुपया घेत नाहीत, त्या कशाला खोटं बोलतील?" आणि दार लावून घेतलं. खरंच होतं. मी पैसे घेते.

काही आठवड्यांनी सईला उलट्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, बाहेरचं खाल्लं. म्हातारीला फोन केला तर ती म्हणाली, घाबरू नका, पाला अंगातली घान बाहेर काढतो. पोरीला धाप लागली तेव्हा पनवेलला पळवली. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. सई परत आली नाही.

तक्रार कुणी केली नाही. फुकट औषध देणाऱ्या म्हातारीवर कसली तक्रार करायची, असं सईचे बाबाच म्हणाले. म्हातारीने मात्र पाला बंद केला. दार लावून आत बसायला लागली. तर लोकांनी काय करावं? मला मध्यस्थी करायला सांगितली. एक पोर गेली, तिचं नशीब, त्यापायी बाकीच्यांनी का भोगायचं, असं एक शिकलासवरला माणूस माझ्या काउंटरवर उभा राहून म्हणाला. मी त्याला दुकानाबाहेर काढला. आजही काढीन.

एका दुपारी म्हातारी आली. हात रिकामे. खूप वाळली होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहिली, मग जवळ आली.

"खरं सांग, बाय. सुई चालू असती तर पोर जगली असती?"

मला तिचा राग होता. अजून आहे. तिची कीवही आली, पण मी शब्द मऊ केले नाहीत.

"हो, आजी. जगली असती."

तिने मान हलवली आणि आली तशी निघून गेली. पुन्हा दुकानात आली नाही. उन्हाळ्यात वारली. मातीला अख्खं गाव लोटलं, टॉवरांमधलेही पुष्कळ गेले. मी गेले नाही.

मेघना रोज दुकानावरून बँकेत जाते. कधी डोकेदुखीची गोळी न्यायला थांबते, पैसे देते आणि तरी उभी राहते. काहीतरी ओठांवर येतं आणि ती ते गिळते. काय विचारायचंय, मला ठाऊक आहे. तिने विचारलंच, तर मी खोटं बोलणार आहे.