शहाडच्या बाईचा नमुना

सुनंदावहिनीला मी शेवटचं धड बोलताना पाहिलं ते तिच्या माजिवड्याच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत. ऑपरेशन झालेला पाय समोरच्या स्टुलावर, त्यावर धुवट चादर, मांडीवर मोबाइल. मी डोंबिवलीहून अळूवड्या करून नेल्या होत्या. खोलीत पाऊल टाकलं आणि मला एक वास आला. गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा. श्रावण तोंडावर आलेला, बाजारात द्राक्षाचा एक मणी मिळायचा नाही. मी आपलं सहज म्हटलं, "वहिनी, या दिवसांत द्राक्षं कुणी आणली गं?" तिच्या तोंडावरचं हसू होतं तसंच राहिलं, पण डोळे कुठेतरी दुसरीकडेच गेले... मग म्हणाली, "वन्सं, तुमचं नाक भारी तिखट हो. जरा खिडकी उघडा." मी उघडली. हायवेचा गोंगाट आत आला आणि तिने अळूवड्यांची चौकशी सुरू केली. त्यानंतर आठवडाभरात ती गेली. आता दीड-दोन महिने होत आले, पण कुठेही गोड वास आला की मी आधी खिडकी उघडते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. घोडबंदरच्या बाजूच्या आगरी घरातली. तिच्या आजोबांच्या वेळेपर्यंत घरातली सगळी माणसं मिठागरात राबायची. आता त्या जमिनींवर टॉवर उभे आहेत. दादाची आणि तिची ओळख कॉलेजातली. आम्ही मूळचे कोकणातले, आईला हे लग्न पहिल्यांदा जड गेलं, पण वर्षभरात ती माझ्यापेक्षा सुनेचं जास्त ऐकायला लागली. 'वन्सं' ही हाक वहिनीने मला चिडवायला म्हणून धरली आणि मग सोडलीच नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे, ती जंतू वाढवायची. "तुमच्या पोरांपेक्षा माझी पोरं लवकर वाढतात, एका रात्रीत," असं ती आल्यागेल्याला सांगे आणि स्वतःच मोठ्याने हसे.

घोडबंदर रोडवर आत एका गल्लीत एका लहानशा कंपनीची प्रयोगशाळा आहे, वहिनी तिथे कामाला होती. मोडलेल्या हाडांवर बसवायच्या प्लेट आणि स्क्रू यांच्यावर द्यायचा लेप तिथे बनायचा. कोळंबीच्या टरफलांतून काढलेला एक पदार्थ आणि त्यात जंतू मारणारं औषध, असा तो पातळ, डोळ्यांना न दिसणारा लेप. मी तिला म्हणायचे, "म्हणजे तुम्ही लोकांच्या हाडांना कोळंबीचं कालवण लावता." ती मात्र अशा वेळी गंभीर व्हायची. ती सांगायची, ऑपरेशनमध्ये जंतू धातूवर एकदा बसले की स्वतःभोवती चिकट पांघरूण विणून घेतात आणि मग बाहेरून कितीही औषध द्या, आतपर्यंत पोचत नाही. तिला तिचं मिठागर आठवायचं. खाचराच्या तळाशी शेवाळ धरलं की मीठ काळं पडतं, म्हणून पाणी सोडायच्या आधी आजोबा तळ तुडवून तुडवून घट्ट करायचे. "आमचा लेप तेवढंच करतो, वन्सं. पहिले काही दिवस कुणाला बसू देत नाही." हे मी वर्गात पोरांनाही सांगितलं होतं. मला तिचा अभिमान वाटायचा, उघड कबूल करायचे नाही एवढंच.

एकदा तिने मला आत नेलं होतं. काचेच्या झाकणाच्या छोट्या बशा, त्यांत खरवसासारखा थर, त्यावर जंतूंची पांढुरकी साय. मधोमध लेप दिलेला धातूचा तुकडा आणि त्याच्याभोवती अगदी स्वच्छ गोल जागा, जिथे एकही जंतू वाढला नव्हता. त्या जागेला ती 'अंगण' म्हणायची. "अंगण मोठं, तर पेशंट सुखी." तिथे काम करणाऱ्या कीर्ती नावाच्या मुलीलाही तिने तोच शब्द लावला होता. कीर्ती तिच्या हाताखाली शिकून तयार झालेली. तिच्याकडून मला वहिनीचा कामातला हट्ट कळला. एकदा आलेलं उत्तर ती मानायचीच नाही. नवा नमुना, नवी बशी, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा तेच आलं तर बोला. आणि जखमेतला नमुना घ्यायचा तो पेशंटच्या पोटात औषधाची एकही गोळी जायच्या आधी. औषध सुरू झालं की जंतू दबतात, खरं काय ते कळत नाही. "मॅडम यावरून डॉक्टरांशीसुद्धा भांडतात," कीर्ती कौतुकाने म्हणाली होती. मीही कौतुकानेच ऐकलं.

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना ती मधेच म्हणाली, "अंगण लहान होतंय." दादाने चिवड्याचा डबा पुढे सरकवत विचारलं, "कसलं?" ती म्हणाली, हॉस्पिटलांतून जे नवे जंतू येतात, त्यांच्यापुढे लेप पूर्वीसारखा टिकत नाही. अजून ठरलेल्या हद्दीत आहे, कंपनीच्या मते काळजीचं कारण नाही, पण दर खेपेला गोल थोडा आखडतोय. "ती पोरं शिकतात रे. आपण झोपतो तेव्हा पण ती शिकत असतात." फटाक्यांच्या आवाजात ते वाक्य तसंच विरून गेलं. दादाने हसून करंजी उचलली. मी मात्र तिच्या हाताकडे पाहिलं. ती लाडवाच्या ताटलीभोवती बोटाने गोल काढत होती, एकापेक्षा एक लहान.

पुढे पावसाळ्यात माजिवड्याला बसमधून उतरताना तिचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. मधुमेह होताच. सर्जनने सांगितलं, प्लेट बसवावी लागेल. त्यावर ती स्ट्रेचरवरूनच म्हणाली, "आमचीच बसवा, लेपवाली." आम्हाला केवढा धीर आला म्हणून सांगू! दादा येईल त्याला सांगत होता, "हिच्या पायात हिचाच लेप आहे, काळजीच नाही." तिच्या माहेरची माणसं भेटायला आली, त्यांनाही हेच सांगून झालं. तिची धाकटी काकी तिच्या पायावरून हात फिरवून म्हणाली, "मंग तू तं बरीच झाली गो." सगळे हसले. वहिनीही हसली, पण काकी उठेपर्यंत तिची नजर काकीच्या हातावरच होती.

घरी आल्यावर तिने फर्मान काढलं, ड्रेसिंग मी स्वतः करणार, दार लावून. दादाला बाहेर काढायची. तिच्या हाताची सफाई आम्हाला माहीत होती, नर्सपेक्षा तिच्यावर आमचा जास्त विश्वास. सर्जनकडे पुढच्या तपासणीला जायचं होतं, ते तिने "पाऊस फार आहे, चार दिवसांनी जाऊ" म्हणून पुढे ढकललं. मधेच एकदा ती दादाला म्हणाली, "एवढं लॅबमध्ये कीर्तीकडे दे, ऑफिसचं आहे." दादाने पुडकं डब्याच्या पिशवीत घातलं आणि बसने घोडबंदर रोडची ती कोंडी सोसत तिथे पोचवलं. नंतर पुन्हा एकदा. आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला वैतागून त्याने मला फोन केला होता, "हिचा पाय मोडला तरी नोकरी काही सुटत नाही. मला कुरिअरवाला करून टाकलंय." मी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत काय होतं, ते त्याला किंवा मला कसं कळणार...

अळूवड्या घेऊन गेले होते ते त्याच दिवसांत. तिचे गाल लाल दिसत होते. मी कपाळाला हात लावायला गेले तर तिने मान मागे घेतली आणि रागावली की तोंडात येणारी माहेरची बोली बाहेर आली, "मना काय जालं नाय गो, बरी हाय मी." फोन वाजला तशी तिने घाईने उचलून स्क्रीन पाहिला, बराच वेळ पाहिला आणि फोन पालथा ठेवला. "कोण गं?" "कीर्ती. एक काम राहिलंय." "किती दिवसांचं?" "झालंच. उद्या कळेल." मला वाटलं, ऑफिसातलं काही असेल. दोन दिवसांनी दादाचा फोन आला तेव्हा ती थंडीने दात वाजवत होती आणि कुणाला ओळखत नव्हती. हॉस्पिटलात पायावरची पट्टी सोडली, तेव्हा ड्युटीवरची डॉक्टर मुलगी तोंड फिरवून दादाला म्हणाली, "काका, इतके दिवस काय करत होतात?" विष रक्तात गेलं होतं. औषधं सगळी दिली, एकामागून एक, महागातली महाग. एकही लागू पडलं नाही. शुद्धीत आली ती एकदाच, क्षणभर. दादाचा हात धरून विचारलं, "तिसरी बघितली का?" दादाला कळेना कोण तिसरी. तो आपला "हो, हो" म्हणत राहिला.

तेराव्याला कीर्ती आली. जेवली नाही. पानं उठेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली आणि मग दादासमोर येऊन रडायला लागली. मॅडमनी तिला सांगितलं होतं, शहाडच्या एका बाईचा नमुना आहे, लेपवाल्या प्लेटची जखम चिघळली आहे, आपल्या लेपाच्या तुकड्याबरोबर बशीत लाव. पहिल्या बशीत अंगण उमटलंच नाही. जंतू थेट धातूला जाऊन भिडले होते. कीर्तीने घाबरून फोटो पाठवला. उत्तर आलं, नवा नमुना पाठवते, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा तेच. "मी मॅडमना म्हटलं, त्या बाईचं औषध तरी सुरू केलंय ना? तर म्हणाल्या, अजून नाही, तिसरा घेऊन झाला की करतील. मी म्हटलं, मॅडम, बाई मरेल... तर म्हणाल्या, तिला सगळं माहीत आहे." तिसऱ्या बशीचं झाकण उघडताच खोलीभर द्राक्षांचा वास सुटला. या जातीच्या जंतूची तीच खूण, कीर्ती म्हणाली. मॅडमना नुसत्या वासावरून कळायचं.

म्हणजे शहाडची बाई ती स्वतःच, आणि त्या दिवशी मी द्राक्षांचं विचारलं तेव्हाच तिला कळून चुकलं होतं. मला तिचा राग येतो. लपवत नाही, अजूनही येतो. पहिल्या बशीनंतर एक फोन, एक इंजेक्शन, पाय गेला असता कदाचित पण बाई राहिली असती. तिला तिसरं उत्तर हवं होतं. लेप हरला आहे हे दोनदा पाहूनही तिला खात्री पटेना, की पटवून घ्यायची नव्हती? कीर्तीचं म्हणणं वेगळं. तीन बशा होत्या म्हणून कंपनीला गप्प बसता आलं नाही. लेप थांबवला आहे. ज्यांच्या हाडांवर तो बसला आहे त्यांना बोलावून तपासताहेत, सगळ्यांचे पत्ते मात्र सापडत नाहीत. घोडबंदरच्या सिग्नलला बस थांबली की मी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसते. कोण लंगडतंय, कोण नाही.

पिशवी आपणच पोचवली, तीन वेळा, हे दादाच्या डोक्यातून जात नाही. मी त्याला म्हटलं, चल, तिची जागा तरी बघून येऊ. तो आला नाही. मी एकटीच गेले. वहिनीच्या टेबलावर आता कीर्ती बसते. तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि एका उभ्या फ्रीजरचं जाड दार ओढलं. आतून धुरासारखी वाफ आली. हातमोजा घालून तिने एक खोका काढला, त्यातून करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. झाकणावर एकच शब्द, 'शहाड'. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "तोच जंतू, काकू. तिसऱ्या बशीतला. असा ठेवावा लागतो. नवा कुठलाही लेप तयार केला की आधी याच्यावर लावून बघायचा."

"जिवंत आहे?"

"हो. बाहेर काढला, ऊब दिली, की वाढतो."

वहिनीची राख आम्ही खाडीत सोडली. साड्या वाटल्या, चष्मासुद्धा कुणाला तरी दिला. तिच्या अंगातलं म्हणून जगात जिवंत उरलं आहे ते हेच, आणि ते असं राखून ठेवलं आहे. कीर्तीने कुपी पटकन आत ठेवली, जास्त वेळ बाहेर चालत नाही म्हणाली. झाकणावर मॅडमचं नाव घालू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "दादाला विचारून सांगते."

"काकांचा फोन येतोच," ती म्हणाली. "दर सोमवारी. नव्या लेपाच्या बशा आम्ही सोमवारीच बघतो ना, ते त्यांना माहीत आहे. बाकी काही बोलत नाहीत. एवढंच विचारतात, मेला का?"

"मग तू काय सांगतेस?"

ती दाराची कडी नीट बसली का ते बघत राहिली. "नाही म्हणून सांगते," ती म्हणाली.