सातव्या महिन्यात तोरणमाळ

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दवाखान्याच्या खिडकीत रिकाम्या बाटल्या साठाव्यात तसे ते साठतात, आणि एक दिवस बघावं तर खिडकीच लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नंदुरबारच्या एका छोट्या दवाखान्यात मी सुईण होते. आम्ही तिघंच: डॉक्टरसाहेब, कंपाउंडर करीमभाई आणि मी. उन्हाळ्याच्या सुट्ट्या पडल्या की पोटुशा बाया येऊन एकच विचारायच्या, "बाई, जाऊ का?" कुणाला नदीवर जायचं असे, कुणाला जत्रेला, कुणाला डोंगरावर. मी नको म्हणायची. पण विचारायला येईपर्यंत बहुतेकींची गाडी बाहेर जुंपलेली असायची.

*

एक कापडवाला एकटाच आला. बायकोला पाचवा महिना आहे, तापीत नावेतून फिरवून आणलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, मुळीच नाही, नाव हेलकावते, चढता-उतरता पाय घसरतो.

तो मान खाली घालून उभाच राहिला. कधी जायचं म्हणता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "कालच जाऊन आलो."

"मग आता कशाला विचारता?"

"उतरताना ती पडली. सकाळपासून पोट धरून निजलीय. म्हणून विचारायला आलो."

मी पिशवी घेऊन त्याच्यामागे धावले. पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरातल्या बायकांनी मला चहा दिला.

*

डॉक्टरसाहेबांची धाकटी मुलगी पुण्याहून बाळंतपणाला आली. शिकलेली, हट्टी. सातव्या महिन्यात मैत्रिणींबरोबर सहलीला निघाली आणि गाडी कंटाळवाणी म्हणून तट्टूवर बसली. बापाला कळलं ते ती परत आल्यावर. ते तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

दिवस भरले आणि चांगला गुटगुटीत मुलगा झाला. गावभर पेढे वाटले.

आमची खरी फजिती तिथून सुरू झाली. पुढच्या उन्हाळ्यापासून मी कुणालाही नको म्हटलं की उत्तर ठरलेलं: "डॉक्टरनी पोर तट्टूवर बसनी, तिले काय व्हयनं?" डॉक्टरसाहेबांच्या कानावर ते पडायचं. नाही म्हणताना त्यांचा आवाज मग पूर्वीसारखा चढत नसे.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षातली त्यांची सुट्टी तेवढीच. रनाळ्याची गोदी अशीच आली, सहावा महिना, त्यात एकदा थोडं रक्त गेलेलं. आई तिला दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरसाहेबांनी झोका बंद म्हणून सांगितलं.

बाहेर पडताना गोदीनं माझा हात धरला. "बाई, एकच झोका. वरीसमा एकदाव तं येस मी."

मी नाही म्हटलं. पण तिच्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाले, नुसती बसून राहा, कुणाला ढकलू देऊ नको. ते वाक्य मी बोलायला नको होतं. झोक्यावर बसलेल्या पोरीला मैत्रिणी थोड्याच तशी सोडतात? तिसऱ्या झोक्याला ती फांदीला टेकून आली म्हणे. हसत होती. दिवस कलता कळा सुरू झाल्या. बाळ हाताला लागलं नाही. गोदी वाचली, पण पुढे कुठल्याच आखाजीला सासरच्यांनी तिला पाठवलं नाही.

तिची आई पुढे कितीतरी दिवस बाजारात भेटली की माझा पदर धरून सांगायची, "दोर तं नवाच व्हता, बाई."

*

करीमभाईला हे सगळं माहीत होतं. 'गरोदर बायांनी धक्क्याचा प्रवास करू नये' ही भिंतीवरची पाटी त्याच्याच सुंदर अक्षरातली. पण ईदला त्याचा मेहुणा भाड्याची मोटार घेऊन आला. बायको कधी मोटारीत बसली नव्हती. आठवा महिना. करीमभाईनं खाली तीन गाद्या घातल्या आणि सगळे प्रकाशा गावाला नदी बघायला गेले.

रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. अर्ध्या वाटेत तिला कळा आल्या, आणि बाभळीच्या सावलीत, मोटारीच्या मागच्या बाकावर मुलगी झाली. ती सहा दिवस जगली.

त्यानं पाटी काढली नाही. मात्र कुणी बाई त्याला "मोटारीनं जाऊ का?" असं विचारायला लागली, की तो कामाला लागे. हातातली औषधाची बाटली हलवत राही, औषध केव्हाच मिसळलेलं असलं तरी.

*

शेवटचा तोरणमाळचा. कचेरीतल्या एका कारकुनाची बायको, वत्सलाबाई. दोन वेळा पोट रिकामं झालेलं, हे तिसरं. सातवा महिना होता आणि नवऱ्यानं डोंगरावरच्या थंड हवेचं मनात घेतलेलं. डॉक्टरसाहेब नको म्हणून थकले. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि मला सोबत धाडलं.

घाटाच्या पायथ्याशी डोली तयार होती. ओझ्यासाठी एक पावरा आदिवासी बाई होती, तिनं वळकटी पाठीला बांधली आणि वत्सलाबाईंची लोखंडी ट्रंक उचलायला वाकली. ती सरळ झाली तेव्हा मला तिचं पोट दिसलं. मी डोलीवाल्यांच्या म्होरक्याला विचारलं. तो म्हणाला, आठवा.

कारकून म्हणाले, चिठ्ठी वाचून दाखवा, म्हणजे या लोकांना कळेल कसं न्यायचं ते. मी वाचली: बाईंना एक पाऊलही चढू देऊ नये. जड काही उचलू देऊ नये. दर मैलाला विसावा द्यावा, पाणी द्यावं. दुखू लागल्यास ताबडतोब खाली आणावं.

म्होरक्यानं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. ती पावरा बाई ट्रंकेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिनं त्याला हळूच काहीतरी विचारलं. काय म्हणते, असं मी दोनदा विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं,

"ती इचारस, असा कागद कोठे भेटस?"