अल्काबाईंचा हात, रेणूचा आवाज

गोंदियाच्या एका दवाखान्यात म्हणे अशी बाई आहे, जी बेशुद्ध म्हाताऱ्यांच्या तोंडातले दात काढून ठेवते आणि मरत्या माणसाला पाण्याचा थेंब लागू देत नाही. सौंदड गावभर ही खबर फिरली, आणि फिरवणारं तोंड एकच होतं: रेणूचं. अकरावीतली ही पोरगी स्टेशनवरच्या घोषणेपासून देवरीच्या बसच्या कंडक्टरपर्यंत कोणाचाही आवाज काढायची. तिची आजी निर्मलाबाई दवाखान्यातून रडत आली, आणि तिनं जे सांगितलं त्याची रेणूनं त्याच संध्याकाळी खुशालकाकांच्या किराणा दुकानासमोर नक्कल केली. डोळे वटारून, बोट नाचवून: "पानी नाई म्हंजे नाई!" लोक पोट धरून हसले.

खरी गोष्ट वेगळी होती. रेणूचा आजा शालीकराम मेंदूत रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडला होता. त्याची कवळी घशात घसरू नये म्हणून मदतनीस अल्काबाईंनी ती काढून, नावाची चिठ्ठी लावून, झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवली होती. आणि निर्मलाबाईंनी घरच्या विहिरीचं पाणी चमच्यानं पाजायला घेतलं, तेव्हा अल्काबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी फुप्फुसात उतरलं असतं, तर आज्याचं काही खरं नव्हतं.

रेणूला हे रविवारी कळलं. गेली होती ती खरं तर नकलेसाठी आणखी माल गोळा करायला.

अल्काबाईंनी आधी लाळ ओढायचं मशीन चालू करून बघितलं. मग आज्याला कुशीवर वळवलं, गालाखाली टॉवेल ठेवला. मऊ ब्रश पाण्यात बुडवला आणि एवढा झटकला की थेंब पडेना. हनुवटी हलकेच खाली ओढून, दातांमध्ये बोट न घालता, हिरड्या, जीभ, गाल पुसत गेल्या. मधूनमधून मशीनच्या नळीनं लाळ ओढत. शेवटी ओठांना व्हॅसलीन. आणि तोंडाची टकळी चालूच.

"बाबाजी, मी अल्का. तोंड साफ करून राहिली. ब्रश थंडा आहे, दचकू नोका."

"ते बेशुद्ध आहेत नं," रेणू म्हणाली. "कोणाले सांगता?"

"तुले ऐकू येते, हे मले कसं समजते?"

"मी जवाब देतो म्हणून."

"मंग जो जवाब नाई देत, त्याले जास्त सांगा लागते वं पोट्टे."

निर्मलाबाईंना एकच घोर लागला होता: माणूस तहानलेलाच गेला तर? अल्काबाईंनी ओली जाळीदार सुती पट्टी घट्ट पिळून त्यांच्या हातात दिली. "ताई, ओठ तुम्ही ओले करा. मी पाहून राहिली." आजीनं हळूहळू ओठ ओले केले. "माही सासू अशीच पडली होती, देवरीच्या घरी," अल्काबाई म्हणाल्या. "मी मायेनं चहा पाजला. चवथ्या दिवशी छाती भरली, अन् बुढी गेली. मले कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगत राहतो."

त्या दिवसानंतर रेणू नक्कल करायला नाही, बघायला येऊ लागली. रोज डॉक्टर कानातली नळी छातीला लावून म्हणायचे, "साफ है." निर्मलाबाई रोज अल्काबाईंचे हात धरायच्या आणि त्या रोज ओरडायच्या, "ताई, हात धुतलेले आहेत, खराब नोका करू!"

नवव्या दिवशी अल्काबाई म्हणाल्या, "बाबाजी, तोंड उघडा," आणि आज्यानं, डोळे मिटलेलेच, ओठ विलग केले.

आजी रडली. रेणूची जीभ मात्र खाजली. "हा आवाज तर मी पण काढतो! माह्या आवाजानंही उघडन आजा. लावा पैज. जिंकली तर समोसे."

"अन् हरली तर मी सांगन ते."

दुसऱ्या दिवशी रेणू वाकली आणि आवाज असा काढला की दाराबाहेरून चंदा सिस्टरनं "हो अल्काबाई, आली!" म्हणून ओ दिली. आज्याचा जबडा घट्ट. पुन्हा. आणखी घट्ट.

अल्काबाई हसल्या. त्यांनी बोटांची मागची बाजू आज्याच्या गालावर ठेवली. त्याच्या कपाळावरची आठी सैल होईपर्यंत थांबल्या आणि मगच म्हणाल्या, "बाबाजी." तोंड उघडलं.

"आवाज माहाच होता," त्या म्हणाल्या. "पण तू हात नाई ठेवला, अन् थांबली नाई. हरली तू. आता जिथं ती नक्कल केली, तिथंच ही कर. पुरी."

रविवारी दुकानासमोर तीच गर्दी. खुशालकाका स्वतः बाकावर आडवे झाले. रेणूनं त्यांना कुशीवर वळवलं, गालाखाली गमछा ठेवला, बोटांची मागची बाजू गालावर टेकवली.

काका गालातल्या गालात हसत होते.

"बोल नं वं! विसरली का?" गर्दीतून कोणी ओरडलं.

रेणू काकांचं हसू ओसरायची वाट बघत थांबून राहिली.