सायकलची घडी कोणी मोडायची?

मला आजवर एकाही वस्तूची घडी नीट घालता आलेली नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर मी घडीची सायकल घेतली.

तसं कारण शैक्षणिक होतं. मेहकरच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. लोणारचं सरोवर फळ्यावर इतक्या वेळा काढलं, की आता डोळे मिटूनही काढता येईल. पण प्रत्यक्ष? सहलीबरोबर चार वेळा गेलो आणि चारही वेळा काठावर मुलांची डोकी मोजत राहिलो. (पाण्याकडे एकदाच बघितलं, तेव्हा एक डोकं कमी भरलं!) तेव्हा आता सायकल एसटीत टाकायची, बरा रस्ता दिसला की उतरायचं, सायकल उलगडायची आणि आपलाच जिल्हा सावकाश बघायचा, असा बेत केला. आधी लोणार, मग सिंदखेड राजा, गुडघे टिकले तर थेट सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर.

खरेदीला अकोल्याला गेलो. दुकानदार मोठा बोलका निघाला.

"सर, सोळा इंची चाकाची घेतली तं घडी लहान होते. पन खड्ड्यात आख्खी सायकलच जाते. वीस इंची घ्या. कुठी चालवान?"

"बुलडाणा जिल्ह्यात."

"मंग वीसच घ्या! आन हे पाहा, दांडी किती खाली हाये. साडीवाली बाईबी आरामात बसते."

मला जरा रागच आला. मी काय साडी नेसून लोणारला जाणार होतो? पण सायकल लाल होती, सात गिअर होते आणि घडी घातली की पाहुण्यांच्या बॅगेएवढी होत होती. म्हणजे दुकानदारानं घातली की होत होती.

मग सामान जमवणं सुरू झालं. मागं कॅरियर. त्याला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या. (आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कल्पनानं, त्या सोफ्याच्या जुन्या कव्हरातून शिवल्या, त्यामुळे सायकलवर कोबीएवढाले गुलाब आले.) पुढं दिवा, घंटी, पाण्याच्या बाटलीचा पिंजरा, पंक्चरचं सामान, छोटा हातपंप, हेल्मेट. कल्पना हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अवो, लोनार वीस-बावीस किलोमीटर हाये. तुमी हिमालयात चालले का?"

"याले टूरिंग म्हणतात."

"आमी याले बिऱ्हाड म्हणतो!"

मी लक्ष दिलं नाही. पिशवीत चिवड्याचा डबा ठेवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद: 'सकाळी सातची देऊळगाव राजा गाडी. सुलतानपूरला उतरणे. सायकल उलगडणे. लोणार रस्त्याला लागणे. दर अर्ध्या तासाने सावलीत थांबणे.' मास्तर तो मास्तर!

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण आमच्याकडे राहायला आलेली होती. ताई देऊळगाव राजाला असते. वय पासष्ट, हातात काठी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिचा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्यानं मला फोनवर बजावून ठेवलं होतं, "मामा, आईला जिना चढू देऊ नका. एकटीला फाटकाबाहेर सोडू नका." आणि आपलं बजावणं पाळलं जातंय की नाही, हे बघायला तो रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल करायचा.

संध्याकाळी चहा पिताना मी सहज बोलून गेलो, "उद्या सायकलची घडी मोडतो."

ताईनं बशी खाली ठेवली.

"कोन मोडते?"

"मी. दुसरं कोन?"

"मी जित्ती असताना?"

माझ्या लक्षात आलं, शब्द चुकला. आमच्या घरात नव्या साडीची घडी कल्पनानं कधी स्वतः मोडलेली नाही. आधी नणंदबाई एक दिवस नेसणार, मग ही. पस्तीस वर्षांचा रिवाज!

"ताई, सायकल हाये थे. साडी नाही."

"घडी हाये ना?"

"हाये ना घडी," कल्पना म्हणाली. (बायको कोणाच्या बाजूनं आहे हे ऐनवेळी कळतं.)

"तुह्या गुडघ्यानं तुले पायरी चढवत नाही, सायकल कुठून चढवशीन?" असं म्हणून मी मोठ्यानं हसलो. ताई उठली आणि आत जाऊन पडली.

मी हसायला नको होतं. कारण आमच्या घरात सायकल पहिल्यांदा शिकली ती ताई. बाबांची मोठी काळी सायकल, ताई बारा वर्षांची, मी सहाचा. दांडीखालून पाय घालून ती कैची मारायची आणि मी मागून कॅरियर धरून पळायचो. "पुढच्या चकरेले तुहा नंबर!" असं ती दर चकरेला सांगायची. मग तिचं लग्न झालं, सायकल सुटली, आणि मला हे सगळं नेमकं हसून झाल्यावर आठवलं.

सकाळी सहाला अंगणात सायकल उलगडायला बसलो. माहितीपुस्तकातली चित्रं कुठल्या तरी दुसऱ्याच सायकलची असावीत. दहा मिनिटांत बोट चेमटलं. वीस मिनिटांत हँडल कॅरियरकडे तोंड करून उभं राहिलं. ताई स्टुलावर बसून बघत होती.

"बापू, थो खालचा खटका दाब."

"ताई, तुले काय समजते त्याच्यातलं!"

चाळीस मिनिटांनी मी घामाघूम होऊन खालचा खटका दाबला. खट्ट! सायकल उभी राहिली. मी विजयी मुद्रेनं हेल्मेट घालायला आत गेलो, आरशात दोन बाजूंनी बघितलं, पंप पिशवीत टाकायचा राहिला होता तो घेतला आणि बाहेर आलो.

अंगणात सायकल नव्हती. ताई नव्हती. फाटकाला टेकवलेली काठी तेवढी होती.

"कल्पना!" मी ओरडलो. "ताई गेली!"

ती आतून पिठाच्या हातानं धावत आली. "अवो, असं काय बोलता सकाळी सकाळी!"

"सायकलवर गेली!"

"मंग तसं सांगा ना!"

आमच्या गल्लीपासून बसस्टँडपर्यंत चांगला उतार आहे. मी पळत सुटलो. डोक्यावर हेल्मेट, हातात पंप. रस्त्यावरचा प्रत्येक जण विचारत होता, "सर, सायकल कुठी हाये?" कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "ताई गेल्या ना आत्ता! म्या हाक मारली, तं त्यायनं हात केला."

"एक हात सोडून?"

"दोन्ही!"

मी आणखी जोरात पळालो. आणि तेवढ्यात फोन वाजला. सात वाजले! न उचलावा तर त्याला संशय यायचा. उचलला.

"मामा, हेल्मेट का घातलंय?"

"डोकं दुखून राह्यलं होतं."

"आई कुठाय?"

मी इकडे तिकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नाही, तोंडात आलं ते बोललो, "घडी घालून राह्यली."

"कपड्यांची? बरं, जड उचलू देऊ नका," असं म्हणून त्यानं ठेवला.

बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझा जुना विद्यार्थी निघाला.

"जयभीम सर! वळखलं का? मले भूगोलात नापास केलतं तुमी."

"जयभीम, जयभीम! पन आधी सांग, लाल सायकलवाली बाई..."

"हाव ना! देऊळगाव राजाच्या गाडीत गेल्या. दोन खटके दाबले, सायकलची घडी घातली आन सीटखाली सरकवली. अर्धं मिनिट नाही लागलं सर! आमी पाहातच राह्यलो."

म्हणजे मी भाच्याला अगदी खरं सांगितलं होतं! पण मला हसू येईना. देऊळगाव राजाची गाडी म्हणजे ताई रुसून आपल्या घरी चालली. मी तिच्या गुडघ्यांना हसलो म्हणून. फोन तिचा आमच्याच घरी उशीखाली. काठी फाटकाला. वाटेत उतरताना पाय घसरला तर? मला रडूच यायला लागलं. तोवर कल्पना काठी घेऊन मागून पोचली होती. तिनं माझ्या हातातला पंप काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण माझी मूठ सुटेना.

विद्यार्थ्यानं कंडक्टरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हायेत ना एक बाई," पलीकडून वैतागलेला आवाज आला. "सायकलचं तिकीट काढाले तयार नाहीत. म्हणतात, मले अर्धं तिकीट लागते, सायकलबी म्या अर्धी केली, हिशेब झाला!"

कल्पना फिस्सकन हसली. मी ओरडलो, "ताई! घरी नोको जाऊ! चुकलो मी!"

"घरी कोन चाललं?" ताईचा आवाज खणखणीत होता. "सुलतानपूरले उतरून राह्यली. कागदावर तसंच लिवलं हाये ना तू?"

"मंग तिथंच थांब! आमी येतो!"

"थांबीन ना. दर अर्ध्या तासानं, सावलीत!"

फोन बंद. रुसवा नव्हता, एवढं कळून जीव अर्धा खाली आला. उरलेला अर्धा सुलतानपूरला अडकला होता. आम्ही ऑटो केला. सुलतानपूरच्या फाट्यावर ताई नव्हती. लोणार रस्त्याला लागलो. प्रत्येक वळणाला मला रस्त्याच्या कडेला लाल काहीतरी पडलेलं दिसायचं. एकदा ती मिरच्या वाळत घातलेली ताडपत्री होती. एकदा मैलाचा दगड. कल्पना नुसतं "काही नाही होत, काही नाही होत" म्हणत होती, आणि तिनं धरलेला माझा हात मात्र दुखायला लागला होता.

चार किलोमीटरवर एका निंबाखाली बायांचा घोळका दिसला. ऑटो थांबायच्या आधी उतरलो, घोळक्यात घुसलो.

मध्ये ताई बांधावर ऐसपैस बसून माझा चिवडा वाटत होती. शेजारच्या सोयाबीनच्या वावरातल्या बाया तिच्याभोवती जमल्या होत्या, आणि त्यांतली एक जण ताईच्या सांगण्यावरून सायकलची घडी घालत होती. खट्ट, खट्ट! तिलाही पहिल्याच झटक्यात जमली.

मी तिथंच धुळीत बसलो आणि सरळ रडलो. ताई धड आहे, हसते आहे, चिवडा खाते आहे! इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"काऊन रडून राह्यला बापू? तुह्या हातात पंप हाये ना? दे. मागच्या चाकात हवा कमी हाये. टूरिंगले निघाला आन हवा नाही पाह्यली?"

घरापासून मुठीत आवळलेला पंप मी तिच्या हातात दिला. मग हेल्मेट दिलं. ते तिला बरोबर बसलं. पुढं लोणारपर्यंत ती सायकलवर, आणि आम्ही दोघं मागून ऑटोत. गुलाबाच्या पिशव्या समोर डुलत होत्या. काठावर पोचलो. मी पहिल्यांदाच, कोणाचंही डोकं न मोजता, सरोवराकडे डोळे भरून बघितलं. (खोटं कशाला बोलू? दोनदा वळून मोजलं. माझं धरून तीन भरली.)

प्रशांतला मीच फोन लावला आणि शिव्या खायला मान खाली घातली. पडद्यावर हेल्मेटमधली आई बघून त्यानं तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं. मग हळूच म्हणाला, "आई, गुडघे?"

"चालताना दुखतात. पायडल मारताना नाही दुखत."

डॉक्टरांनीही पुढच्या तपासणीत तेच सांगितलं: चालवू द्या. आठ दिवसांनी ताई घरी निघाली. सायकल घडी घालून तिच्याबरोबर गाडीत चढली.

"ताई," मी चाचरत म्हटलं, "साडी तं एका दिवसात वापस येते..."

"साडी कापडाची असते बापू. लोखंडाची घडी मोडाले येळ लागते!"

तेव्हापासून सायकल देऊळगाव राजात आणि माहितीपुस्तक, पंप व हेल्मेट मेहकरात. मागच्या आठवड्यात मी तिन्ही घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, निदान एक रपेट तरी आपल्या सायकलवर मारू. सकाळी ताईनं सायकल काढली, घंटी वाजवली आणि निघाली. जुन्या सवयीनं मी मागून कॅरियर धरून पळायला लागलो. डोक्यावर हेल्मेट, हातात पंप. चौथ्या चकरेला धापा टाकत विचारलं, "ताई, मी कवा बसू?"

"पुढच्या चकरेले तुहा नंबर!" ती मागं न बघता ओरडली.

मी मुकाट्यानं पळत राहिलो. हे आश्वासन पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी पहिलीत होतो.