ताईंची दिवाळी यादी

"वाचून तं पाहा!" असं म्हणत ताई आपला मोबाइल थेट समोरच्याच्या डब्यावर ठेवायच्या. मग वाचल्याशिवाय जेवताच यायचं नाही.

आमच्या कंपनीत ताई सॉफ्टवेअर तपासायच्या. मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात वीस वर्षं काढूनही बोली तिकडचीच राहिली. दिवसभर इतरांच्या चुका शोधणारी ही बाई जेवणाच्या सुट्टीत मात्र कुणाचं काय चांगलं जमलंय ते शोधत बसायची. अशी माणसं तुम्हीही एखाद-दुसरीच पाहिली असतील.

त्यांनीच मला त्या ग्रुपमध्ये ओढलं. कधीच बंद पडलेल्या एका पोलिसी मालिकेच्या चाहत्यांचा तो ग्रुप. त्यातल्याच पात्रांवर लोक नव्या गोष्टी लिहायचे. दिवाळीआधी चिठ्ठ्या निघत. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गोष्ट लिहायची आणि पाडव्याला भेट म्हणून ग्रुपवर टाकायची. ताई स्वतः लिहीत नसत. त्या सगळ्या गोष्टी वाचून भाऊबीजेला आपल्या आवडत्यांची यादी टाकत. प्रत्येक गोष्टीखाली दोन-तीन ओळी, अगदी प्रमाण मराठीत.

पहिल्या वर्षी माझ्या चिठ्ठीत शनिवार पेठेतले एक निवृत्त गृहस्थ निघाले; त्यांच्या कथांवर सगळा ग्रुप तुटून पडायचा. मालिकेत हवालदाराची बायको कधी दिसलीच नाही, फक्त फोन करायची. मी तिच्यावर लिहिलं. गृहस्थांचा अभिप्राय आला : "लेखन शुद्ध आहे. केस कुठे आहे?" त्यानंतर कुणी काहीच बोललं नाही.

त्याच संध्याकाळी फोन करून मी म्हटलं, "ताई, गोष्ट काढून टाकते."

"काऊन? कोणाले त्रास देऊन राहिली का ते?" ताईंनी विचारलं. "उद्यापर्यंत राहू दे."

भाऊबीजेच्या यादीत माझी गोष्ट सगळ्यात वर होती. खाली लिहिलं होतं : "यात पाठलाग नाही. एक बाई भाजी निवडत नवऱ्याची वाट पाहते. चौथ्या परिच्छेदाशी मी थांबले. तुम्हीही थांबाल."

संध्याकाळी कात्रजच्या एका अनोळखी बाईंनी लिहिलं, "माझे मिस्टर एसटीवर ड्रायव्हर आहेत. हे वाट पाहणं मला कुणाला सांगताच आलं नव्हतं." ते वाचून मी रडले. गोष्ट काढली नाही, हे सांगायला नकोच.

गृहस्थ मात्र चिडले. "आमची कथा यादीत नाही. नजरचूक असावी."

ताईंनी उत्तर दिलं, "नजरचूक नाही. आपली कथा सगळ्यांनी आधीच वाचली आहे. यादी उरलेल्यांसाठी आहे."

चार दिवसांनी गृहस्थांनी माझ्या गोष्टीखाली आणखी एक ओळ टाकली : "पुन्हा वाचली. केस सापडली." जेवणाच्या सुट्टीत ताईंनी ती ओळ सगळ्या टेबलांवर फिरून दाखवली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ताईंचे वडील एकटे पडले. घरून काम करायची परवानगी घेऊन ताई यवतमाळला निघाल्या. "यादी आता तू कर," त्या म्हणाल्या. "पण आवडली नसंल तं खोटं लिहू नको."

यंदा मी केली. सगळ्या गोष्टी वाचताना डोळे दुखले, पण दोन नव्या मुलींनी पुढच्या दिवाळीसाठी आत्ताच नाव दिलंय.

गेल्या वर्षी ताईंना सोडायला मी एसटी स्टँडवर गेले होते. गाडी सुटली तेव्हा मी हात केला, पण त्यांनी वर पाहिलंच नाही. कुणीतरी उशिरा टाकलेली गोष्ट मोबाइलवर उघडून, काचेला डोकं टेकवून त्या एकट्याच हसत होत्या.